हाताच्या अंतरावर

आईने उजवा हात वर नेला. शेगडीच्या वर, जरा डावीकडे, मान न वळवता. बोटं डब्याभोवती मिटावीत तशी मिटली आणि त्यांच्यात काहीच आलं नाही. हात तिथेच राहिला. पातेल्यात पाणी उकळत होतं. लेक दारात उभी होती, एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात कपाटाची शेवटची मूठ, आणि तिला आधी हसूच आलं. "अगं, तिथली फळी काढली ना! चहा आता खाली आहे, पहिल्या खणात. हात वर करायलाच नको." आईने हात खाली घेतला आणि गाऊनला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. "हो की," आई म्हणाली, "सांगितलं होतंस तू." पण खणाकडे वळली नाही. ओट्याला पाठ लावून उभी राहिली, आणि चेहऱ्यावर एक ओशाळं हसू आलं. परक्या घरी बाथरूम कुठे आहे हे विचारायचं राहून गेलेल्या माणसाचं असतं तसं. चहा मग लेकीनेच केला. "नवीन आहे, होईल सवय," असं म्हणून ती मूठ बसवायला गुडघ्यांवर बसली. स्क्रू सरळ आत गेला. स्क्रू सरळ गेला की तिला बरं वाटायचं.

स्वयंपाकघर छान झालं होतं, हे काही खोटं नव्हतं. कपाटांचे सांगाडे जुनेच ठेवून तिने फक्त दारं बदलली होती. फरशा उखडायचा खर्च परवडणारा नव्हता म्हणून त्यांच्यावरच रंग दिला होता, फिकट, सायीसारखा. ओट्याचा काळा दगड घासून घासून असा काढला होता की खिडकीचा चौकोन त्यात उजळ दिसायचा. कामावरून सुटलं की ती थेट आईकडे यायची, जुने कपडे चढवायची आणि नखांत रंग जाईपर्यंत काम करायची. सुतार तेवढा बाहेरचा. तो पहिल्याच दिवशी सगळीकडे नजर फिरवून म्हणाला होता, "ताई, तुम्ही स्वयंपाकघर नवं मागताय आणि पैसे दाराच्या कडीचे सांगताय." तिने त्याला आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा दाखवला. त्याने तो उलटा धरला, मग सुलटा, मग म्हणाला, "एवढं नीट तर आम्ही स्वतःच्या घराचंही काढत नाही." तिला ते कौतुक वाटलं. होतंही. त्याला खटकलं ते एवढंच, की जुन्या घरात काहीच एका रेषेत नव्हतं. मसाल्यांची फळी एका उंचीवर, चहासाखरेची दुसऱ्याच, झाऱ्याचा खिळा भिंतीच्या अगदी विचित्र जागी, आणि मिठाच्या बरणीसाठी कोपऱ्यात एकटाच एक तुकडा ठोकलेला. "हे कोणी केलंय?" सुताराने विचारलं. "बाबांनी," ती म्हणाली, "ते शिंपी होते." सुतार हसला. "मग बरोबर. कापड ताणून घेता येतं."

ते सगळं तिने सरळ केलं. लेव्हलच्या बाटलीतला बुडबुडा मध्यावर येईपर्यंत. फळ्या उतरवल्या, त्यांची भोकं पुट्टीने बुजवली, वाळल्यावर पॉलिशपेपरने घासली, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासली. वर हात नेऊन डबे काढताना आई कधीतरी तोल जाऊन पडेल, ही तिची भीती. म्हणून सगळं खाली, कमरेच्या उंचीवर, ओढले की पुढे येणारे खण. जुनी चहासाखरेची फळी चांगल्या लाकडाची निघाली, तर सुतारानेच सुचवलं, की ही कापून खणांचे तळ करू, नवा प्लाय आणायला नको. तिने आनंदाने मान डोलावली होती. करवतीचा आवाज गॅलरीतून येत होता आणि ती आईसाठी चिठ्ठ्या लिहीत बसली होती, मोठ्या अक्षरांत: चहा. साखर. मीठ. एकसारख्या काचेच्या बरण्या, बाहेरून आतलं दिसणाऱ्या. कुणी बोट ठेवायला जागा नको.

हे सगळं सुरू झालं ते दूध जळाल्यामुळे. आई हॉलमध्ये बसून राहिली आणि पातेलं कोळसा होईपर्यंत तापलं. धूर बघून समोरच्या काकू धावत आल्या, त्यांनी शेगडी बंद केली आणि मग धाकट्या भावाला फोन केला. तिला नाही, कारण तिचा फोन प्रयोगशाळेत कपाटात बंद असतो. धाकटा दुसऱ्या शहरात राहतो. संध्याकाळी त्याचा फोन आला तेव्हा सगळं ठरवून झाल्यासारखं बोलत होता. "ताई, आज दूध जळलं, उद्या घर जळेल. मी इकडे एक जागा बघितलीय. स्वच्छ आहे, नर्स असतात, मागे बाग आहे."

"आईला बाग कशाला? तिच्याकडे कुंडीतलं झाड टिकत नाही."

"थट्टा नको करू."

"ती तिच्या घरात नीट आहे. स्वयंपाक करते, चहा करते, तुझी चौकशी करते. एकदा दूध जळलं म्हणून माणसाला घराबाहेर काढतात का?" मग त्याने काही बोलायच्या आत ती म्हणाली, "स्वयंपाकघर जुनं आहे, गैरसोयीचं आहे. मी ते नीट करून देते. मग येऊन बघ, आणि मग ठरव."

"तुझ्याकडे पैसे आहेत?"

"नाहीत. म्हणून तर नीट करीन."

तो हसला. लहानपणी हसायचा तसाच, नाकातून. तिच्या जिवात जीव आला. धाकटा वाईट नव्हता. त्याला फक्त लांबून काळजी करावी लागत होती, आणि लांबून सगळंच पेटलेलं दिसतं.

प्रयोगशाळेत ती वजनकाटे तपासते. दगडी चौथऱ्यावर, काचेच्या पेटीत ठेवलेले, श्वासानेसुद्धा आकडा हलेल असे काटे. वजनं चिमट्याने उचलायची, कारण बोटाचा ओलावाही वजनात येतो. एकदा सफाईवाल्या बाईंनी चौथरा पुसायचा म्हणून एक काटा अलगद उचलला, खालची धूळ पुसली आणि पुन्हा अलगद ठेवला, आधीपेक्षा नीट, भिंतीला समांतर. त्या दिवसाची सगळी मोजमापं टाकून द्यावी लागली. बाई रडकुंडीला आल्या होत्या. "मी तर स्वच्छच केलं, मॅडम." आणि ती त्यांना शांतपणे समजावत होती, की काटा तोच असला तरी जागा हलली की तो नवा काटा होतो, त्याला काही माहीत नसतं. हे वाक्य ती शिकाऊ मुलींनाही सांगते. वाक्य तिच्या तोंडी इतकं बसलं होतं, की त्याचा अर्थ तिच्या कानापर्यंत कधी पोचलाच नसावा. कारण आईचा हात हवेत थांबलेला पाहूनही तिला आठवला तो काटा नव्हे. तिला वाटलं, चिठ्ठ्या आणखी मोठ्या अक्षरांत लिहायला हव्यात.

आई तोंड भरून कौतुक करायची. समोरच्या काकू आल्या की त्यांना हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत न्यायची. "माझ्या ठकूने केलंय. सगळं स्वतः. बघा, आरशासारखं." ठकू हे तिचं घरातलं नाव, केसात पांढरं आलं तरी आईच्या तोंडून गेलं नव्हतं. काकू म्हणायच्या, "अहो, मग आत चला ना, दाखवा नीट." आणि आई उंबऱ्यावरच थांबून म्हणायची, "नको, डाग पडेल." आई दारापर्यंतच जाते हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. दिवसभराचं जेवण तीच सकाळी करून ठेवू लागली. आई हॉलमधल्या खुर्चीत बसून राहायची, हात मांडीवर, एकमेकांत. ते हात तिने असे रिकामे कधी पाहिले नव्हते. "काहीतरी कर ना, भाजी निवड," ती म्हणायची. आई म्हणायची, "करते हं. तू सांग काय करू." हे ऐकताना तिला कसंतरी व्हायचं. या घरात आईला काय करायचं हे कधी कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग धाकटा आला. दारातूनच त्याने शीळ घातली. "ताई, हे तू केलंस? मासिकात छापण्यासारखं झालंय." त्याने खण ओढून पाहिले, बंद करून पाहिले, सायीच्या रंगावरून हात फिरवला. तिला वाटलं, जिंकले. मग तो खुर्चीत पाय पसरून, लहानपणी शाळेतून आल्यावर म्हणायचा त्याच सुरात म्हणाला, "आई, चहा कर ना. तुझ्या हातचा." आई लगेच उठली. चेहरा उजळला होता. आई आत गेली. मागोमाग तीही उठू लागली तशी धाकट्याने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. आतून आवाज येत होते. खण उघडला, बंद झाला. दुसरा उघडला. आई वाचत होती: "साखर." थोड्या वेळाने, "मीठ." मग पुन्हा, "साखर." वाचता सगळं येत होतं. वाचून झाल्यावर पुढे काय, ते येत नव्हतं. दोघंही एकमेकांकडे न बघता ऐकत राहिली. खूप वेळाने आई बाहेर आली. हातात ट्रे, ट्रेमध्ये तीन कप, बशा कपांना नीट जुळवलेल्या. कप कोरडे होते. आईने ट्रे टेबलावर ठेवला, पाहुण्यांपुढे ठेवावा तसा, कपांचे कान उजव्या हाताला येतील असे फिरवले आणि म्हणाली, "घ्या. गार होईल."

ती काही बोलणार होती. धाकट्याने कप उचलला, ओठांना लावला, एक घोट घेतल्यासारखं केलं आणि बशीत ठेवला. "छान झालाय," तो म्हणाला. "साखर जास्त नाही ना झाली?" आईने विचारलं. "नाही. अगदी बरोबर." मग तो उठून गॅलरीत गेला. बराच वेळ तिला त्याची पाठ दिसत होती. पाठ हलत होती. जाताना जिन्यात त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या महिन्यात नेतो," तो म्हणाला, "तू खूप केलंस, ताई." यापेक्षा त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या दिवसांत जुन्या गोष्टी एकेक करून तिच्याकडे येऊ लागल्या. बसमध्ये, प्रयोगशाळेत, काट्याचा आकडा स्थिर होण्याची वाट बघताना. त्या नव्याने आठवत नव्हत्या. नेहमी दिसणाऱ्याच होत्या, फक्त आता त्यांचं तोंड तिच्याकडे होतं. आई चहा करायची ती दिवा न लावता, चेहरा हॉलकडे वळवून, गप्पा मारत. डबा, चमचा, गाळणं, सगळं हातात आपोआप यायचं. ते बघून ती म्हणायची, काय सफाई आहे हाताची! आणि साखर कुठे आहे असं विचारलं की आई कधीच सांगायची नाही. "तुला नाही सापडायची, थांब," म्हणत गुडघ्यावर हात टेकून उठायची, आत जायची आणि आणून द्यायची. वर्षानुवर्षं. तिला वाटायचं, आईला आपल्या राज्यात कुणी नको. खरं तर आईला ती जागा सांगताच येत नव्हती. तिथे जाऊन उभं राहिलं, की हात सांगायचा. आणि ते दूध! त्या दिवशी धुराच्या आधीही समोरच्या काकू मदतीला येऊन गेल्या होत्या आणि त्यांनी पातेलं दुसऱ्या शेगडीवर ठेवलं होतं. पलीकडच्या, जिच्यावर आई कधी दूध ठेवत नसे. काकूंनी हे तेव्हाच सांगितलं होतं, हळहळत, "मीच ठेवलं हो तिकडे." ते तिने ऐकलं होतं. अख्ख्या नोकरीत तिने एवढंच केलं होतं, की आकड्यात फरक पडला तर आधी काय हललं ते शोधायचं. आणि इथे हललेलं काय ते कुणीतरी आयतं हातात आणून दिलं, तर तिने स्वयंपाकघराला जुनं ठरवलं. आईचं विसरणं किती आधीपासून सुरू होतं, देव जाणे. ते कुणालाच दिसलं नाही, कारण आई घरातल्या ज्या चौकोनात दिवस काढायची त्या चौकोनाने ते झाकून ठेवलं होतं. त्याची दारं तिने बदलली.

एक आठवण मात्र सगळ्यांत उशिरा आली, प्रयोगशाळेत, ती चिमट्यात वजन धरून उभी असताना. ती लहान आहे, ओट्यावर बसलेली, पाय लोंबत. घरात नव्या चुन्याचा वास. बाबांच्या गळ्यात टेप आहे, कानावर खडू. आई शेगडीपुढे उभी आहे आणि हसू दाबते आहे. बाबा म्हणताहेत, "भिंत राहू दे. तुझं माप दे. डोळे मीट, आणि चहाचा डबा घेतेस असं समज." आई डोळे मिटून हात वर करते. बोटं मिटतात. बाबा तिथे, त्या बोटांच्या खाली, भिंतीवर खडूची रेघ ओढतात. "आता मीठ. आता झारा." प्रत्येक वेळी रेघ. ओट्यावर बसलेली ठकू टाळ्या वाजवते आहे, कारण तिला तो डोळे मिटायचा खेळ वाटतो आहे. ते वेडंवाकडं नव्हतंच. बाबांनी भिंत आईच्या अंगावर बेतली होती. तिने ती शिवण उसवली, आणि उसवलेलं नीट इस्त्री करून ठेवलं.

तिने रजा टाकली. लाकडाच्या दुकानातून एक फळी घेतली, तशाच लांबीची. जुनी आता खणांच्या तळाशी, बरण्यांखाली, तुकड्यांत होती. पण ठोकायची कुठे? तिने भिंतीवरून बोटांची टोकं फिरवली, मग टॉर्च आडवा धरून उजेड सरपटत नेला, कुठेतरी खळगा, उंचवटा, काहीतरी दिसेल म्हणून. काही नव्हतं. पुट्टी तिने फार चांगली केली होती. सुताराला फोन लावला, तर तो म्हणाला, "ताई, जुनं माप कोण ठेवतं? ते तर चुकीचं होतं ना?" ती म्हणाली, "हो."

मग उरला एकच उपाय, आणि तो बाबांनीच दाखवून ठेवला होता. सकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. तिने पातेल्यात पाणी ठेवलं, अलीकडच्याच शेगडीवर, आईला हाताला धरून आत आणलं आणि तिच्या जागी उभं केलं. स्वतः बाजूला, पेन्सिल घेऊन. "आई, चहाचा डबा घे ना."

आईने समोर पाहिलं. सायीची भिंत. "कुठला डबा गं?"

"नेहमीचा. बघू नकोस. इकडे बघ, माझ्याकडे." पाणी उकळू लागलं. तिला माहीत होतं, विचारून हात सांगणार नाही. त्याला एकटा सोडायला हवा. म्हणून ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबा चहात साखर किती घ्यायचे गं?"

आई खुदकन हसली. "काही विचारू नकोस. साखरेत चहा घ्यायचे ते. मी म्हणायची, एवढी साखर खाता, मग बोलता असे खारट का?" तिच्याकडे बघत, हसत, आई बोलत होती, वाफ दोघींच्या मधून वर जात होती, आणि आईचा उजवा खांदा हलला. कोपर सुटलं. हात उचलला गेला, पोटापासून छातीपर्यंत, आणि तिथे थांबला. बोटं उघडली नाहीत. थोडा वेळ तो तसाच राहिला, काहीतरी आठवल्यासारखा, आणि मग आपणहून खाली येऊन दुसऱ्या हाताजवळ गेला. बोलणं मध्येच राहिलं होतं.

"वर, आई. अजून वर."

"वर काही नसतं गं," आई समजुतीने म्हणाली, लहान मुलाला अंधारात काही नाही असं सांगावं तशी. "मी बघितलंय."

एकही खण तो हात शिकला नव्हता. चिठ्ठ्या, बरण्या, काही नाही. या इतक्या दिवसांत तो एवढं एकच शिकला होता, आणि ते त्याला पक्कं आलं होतं.

तिने पेन्सिल दातांत धरली आणि दोन्ही हातांनी आईचं मनगट घेतलं. हात वर नेला. तो जड होता. इतकी वर्षं वजनांत गेली, पण हा हात तिने कधी तोलला नव्हता. आजवर तो स्वतःचं वजन स्वतः उचलत आला होता. भिंतीपाशी नेऊन तिने बोटं टेकवली, थोडी खाली घेतली, थोडी डावीकडे, पुन्हा थोडी वर. रंग गार होता. "इथे?" तिने विचारलं. आईने भिंतीकडे पाहिलं. मग वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मोकळ्या हाताने तिचा गाल पुसला.

"हो," आई म्हणाली, "इथेच, ठकू. अगदी बरोबर."

तिने तिथे पेन्सिलीने खूण केली.